डाव्या डोळ्याचे तीन नंबर, खरा कोणता?

प्रश्न: ताई, माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे, केजी वनमध्ये. मार्चमध्ये शाळेत डोळे तपासले, कार्डावर लिहून आलं "उजवा ६/९, डावा ६/२४, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा". आम्ही आधी घराजवळच्या चष्म्याच्या दुकानात नेलं, तिथे कॉम्प्युटरवर उजव्याचा -०.२५ आणि डाव्याचा +२.०० निघाला, ते म्हणाले एवढ्याशा लेकराला चष्मा कशाला लावता. मग धंतोलीत डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तीन दिवस डोळ्यात मलम घालायला दिलं आणि नंतर तपासलं. त्यांच्या कागदावर वर फुलीसारखं काहीतरी काढून उजव्याला +४.०० आणि डाव्याला +६.५०, +५.५० लिहिलंय, आणि खाली चष्म्याचा नंबर उजवा +०.५०, डावा +३.०० / -१.०० × १८० असा दिलाय. आणि चष्म्याचे काच लावून बघितलं तरी डाव्याने ६/१८ च वाचलं. आळशी डोळा आहे म्हणाले, आता चष्मा लावा, जुलैमध्ये या, मग पट्टीचं बघू. मलमाच्या दुसऱ्या दिवशी पोरीचा चेहरा लालबुंद झाला, अंग तापलं, त्यावरून घरात खूप झालं. सासूबाई म्हणून राहिल्या की पोरगी मणी ओवते, टीव्ही लांबून बघते, तिरळं बघत नाही, मग डोळा कमजोर कसा, आणि मुलीला आत्तापासून चष्मा नको, गाजर-पालक खाऊन जाईल. चष्मा अजून बनवला नाही. कोणाचं खरं मानू? घरात दोन वर्षांचा धाकटा पण आहे, त्याचंही टेन्शन आलंय.
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर: ताई, आज संध्याकाळीच चष्मा बनवायला टाका. धंतोलीच्या डॉक्टरांच्या कागदावर सगळ्यात खाली जो लिहिलाय तोच नंबर, त्यात पाव नंबर पण इकडचा तिकडे नको. चष्मा बनून येईपर्यंत दोन-चार दिवस जातील, तेवढ्यात हे सावकाश वाचा आणि घरात सासूबाईंना, पोरीच्या बाबांना पण वाचून दाखवा, कारण एकट्या आईच्या जिवावर चार वर्षांच्या लेकराच्या डोळ्यावर चष्मा टिकत नाही, घरातल्या सगळ्यांना तो पटलेला असावा लागतो.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, लहान मुलांचे डोळे तपासणं हे माझं रोजचं काम, आणि तुमच्यासारखेच हातात तीन-तीन कागद घेऊन आलेले आईबाप मला नेहमी भेटतात. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, खरा नंबर कोणता. तुमच्या बाबतीत सांगायचं तर कोणीच खोटं बोललेलं नाही, शाळेने एक गोष्ट मोजली, दुकानातल्या मशीनने दुसरी मोजली आणि डॉक्टरांनी तिसरी. पण तुम्ही नंबर केवढा मोठा तेच बघून राहिल्या, आणि या कागदांवरची मोठी गोष्ट आहे दोन डोळ्यांमधला फरक. तो तिन्ही कागदांवर आहे, अगदी शाळेच्या कार्डापासून.

त्या कार्डापासूनच सुरू करू. ६/९ आणि ६/२४ हा चष्म्याचा नंबर नाहीच, ती नजर आहे. वरचा सहा म्हणजे सहा मीटर, वीस फूट, तेवढ्या अंतरावरून तक्ता दाखवतात. खालचा आकडा सांगतो की चांगल्या नजरेच्या माणसाला ते अक्षर किती लांबून ओळखू आलं असतं. म्हणजे जे चित्र दुसऱ्याला चोवीस मीटरवरून कळतं ते तुमच्या मुलीच्या डाव्या डोळ्याला सहा मीटरवर आल्यावर कळलं. ते टक्के नाहीत, ६/२४ म्हणजे पंचवीस टक्केच दिसतं असं कोणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढून टाका. उद्या एखाद्या कागदावर २०/४० असं दिसलं तर घाबरू नका, ते फुटात लिहिलेलं असतं, आपल्याकडचं ६/१२ तेच. ही पद्धत १८६२ सालची आहे, नेदरलँड्सच्या स्नेलेन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची, आणि अजून जगभर तीच चालते. ज्यांना अक्षरं येत नाहीत त्या लेकरांना सफरचंद, घर, चौकोन, गोल अशी चित्रं दाखवतात, नाहीतर इंग्रजी ई चारी बाजूंनी फिरवलेला असतो आणि मूल हाताच्या बोटांनी दाखवतं की याचे पाय कुठे आहेत.

आता वयाचं. चार वर्षांच्या मुलाने ६/६ वाचलंच पाहिजे असं नाही, त्या वयात ६/१२ आलं तरी आम्ही चालवून घेतो, पाच पूर्ण झाल्यावर ६/९ च्या आसपासची अपेक्षा ठेवतो. म्हणजे तुमच्या पोरीचा उजवा डोळा तिच्या वयाला छान आहे, त्याची काळजी सोडा. डावा मात्र ६/२४, आणि तक्त्यावर ६/९ नंतर ६/१२, मग ६/१८, मग ६/२४, म्हणजे तीन ओळींचं अंतर पडलं. दोन डोळ्यांत दोन ओळींचा फरक दिसला तरी मुलाला पुढे तपासायला पाठवायचं असतं. शाळेत ज्याने कोणी ही तपासणी केली त्याने फार नीट केली हो, कारण या वयाच्या मुलांचा असा फरक हातातून सहज निसटतो. माझ्या खुर्चीत एक मुलगा बसला होता, अगदी गोड पोरगा, उजव्या डोळ्यावर स्वतःचाच तळवा ठेवून पटापट वाचत होता, आई एकदम खूश. नीट बघितलं तर प्रत्येक ओळीला त्याची मान हळूच एका बाजूला वळायची आणि मधल्या दोन बोटांत फट पडायची. तो काही लबाडी करत नव्हता, ज्या डोळ्याने दिसतं त्याच डोळ्याने बघायचं ही त्याची सवय होती. चिकटपट्टी लावून तोच डोळा पूर्ण झाकला आणि तक्त्यावरच्या सगळ्यात मोठ्या अक्षरापाशी तो गप्प झाला, आणि मग पट्टी ओढायला लागला.

दुकानातल्या कॉम्प्युटरचं असं आहे की त्यात हनुवटी टेकवली की आत एक चित्र दिसतं, लांब रस्त्याच्या टोकाला फुगा असतो किंवा घर असतं. चित्र लांबचं असलं तरी मुलाला ते डब्यात आहे, जवळच आहे असंच वाटतं, आणि जवळचं बघताना डोळ्याच्या आतलं भिंग जोर लावतं. लहान मुलांच्या भिंगात हा जोर इतका असतो की दोन-तीन प्लस नंबर ते सहज लपवून टाकतं, कधी कधी तर प्लसचा मायनस दिसतो. तुमच्या पोरीचा उजवा -०.२५ आला तो असाच, तो मायनस नाहीच आहे. म्हणून औषध न टाकता मशीनने काढलेल्या नंबरवर लहान मुलाचा चष्मा कधीच बनवायचा नाही, आणि चष्मा नको हे पण त्यावरून ठरवायचं नाही. दुकानदाराचा हेतू वाईट नसेल पण हे ठरवणं त्याच्या हातातलं काम नव्हतं. आणि त्याच्या स्लिपवर पण फरक बघा ना, -०.२५ आणि +२.००, सव्वादोन नंबरचा फरक तिथे छापून आलेला होता.

आता डॉक्टरांची फुली, ज्याने तुम्ही सगळ्यात जास्त घाबरल्या. मलमाने (अॅट्रोपिनचंच असणार, तीन दिवस घालायला देतात म्हणजे तेच) भिंगाचा तो जोर पूर्ण झोपवला जातो, मग अंधाऱ्या खोलीत रेटिनोस्कोप नावाच्या छोट्या टॉर्चसारख्या यंत्राने डोळ्यात उजेड टाकून, एकेक काच डोळ्यापुढे धरून, आतून परत येणारी चमक कशी हलते ते बघतात. मुलाला काही वाचावं लागत नाही, बोलावं लागत नाही. यात जो आकडा निघतो तो कच्चा असतो. डॉक्टर साधारण पाऊण मीटरच्या आतून बघत असतात, त्या अंतरापायी १.५० वजा करायचे, आणि अॅट्रोपिनने भिंग जरा जास्तच ढिलं पडतं म्हणून आणखी १.०० वजा करायचा, एकूण अडीच. करून बघा आता. उजव्याचे ४.०० वजा २.५० म्हणजे +१.५०. डाव्याचे ६.५० मधून अडीच गेले की +४.००, आणि ५.५० मधून गेले की +३.००. डाव्याचे दोन आकडे काहून, तर फुलीची एक रेघ आडवी आणि एक उभी असते, डोळ्याचा आकार दोन्हीकडे सारखा नसला की दोन आकडे येतात, आणि त्या दोनमधला एक नंबरचा फरक म्हणजेच तो -१.०० चा सिलिंडर. × १८० हा नंबर नाही बरं, तो कोन आहे, काच फ्रेममध्ये कशी बसवायची ते दुकानदाराला सांगणारा. १८० वाचून रडलेल्या आया मी पाहिल्यात, म्हणून मुद्दाम सांगते.

मग खाली +१.५० आणि +४.०० न लिहिता +०.५० आणि +३.०० का लिहिलं? कारण मलम उतरलं की भिंगाचा जोर परत येतो, पूर्ण प्लस नंबर दिला तर लांबचं धूसर दिसतं आणि मूल चष्मा काढून फेकतं. म्हणून ज्या मुलाला तिरळेपणा नाही त्याचा थोडा नंबर कमी करून देतात. (डोळा आत वळत असता तर पूर्ण नंबरच द्यावा लागला असता.) पण डॉक्टरांनी काय केलंय ते बघा, दोन्ही डोळ्यांतून सारखाच एक-एक नंबर कापला. फरक अडीचचा होता, अडीचचाच ठेवला. हे मला तुमच्या कागदावर फार आवडलं. नुसत्या डाव्याचा नंबर कमी करू, हळूहळू वाढवू, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका, तो फरकच तर भरून काढायचा आहे.

तो फरक इतका महत्त्वाचा का, हे सासूबाईंना पण समजेल असं सांगते. प्लस नंबरचा डोळा म्हणजे थोडा आखूड डोळा, चित्र पडद्याच्या मागे पडतं, आणि भिंग जोर लावून ते पडद्यावर आणतं. उजव्याला दीडच नंबरचा जोर लावायचाय, त्या वयाला ते काहीच नाही. पण दोन्ही डोळ्यांची भिंगं जोर लावतात ती एकत्रच, सारखाच, एका डोळ्याने कमी आणि दुसऱ्याने जास्त असं शरीर करत नाही. उजव्याला स्पष्ट दिसलं की मेंदू म्हणतो झालं, आणि थांबतो. डाव्याला आणखी अडीच नंबरचा जोर हवा होता, तो त्याला कधी मिळालाच नाही, लांबचं बघताना नाही आणि जवळचं बघताना पण नाही. जन्मल्यापासून डाव्याकडून मेंदूला धूसरच चित्र गेलं आणि मेंदूने ते हळूहळू बाजूला टाकलं. घरात एकच भावंड सगळी कामं पटापट उरकत असलं की दुसऱ्याला काही शिकायची वेळच येत नाही, तसं झालंय हे. डोळा आजारी नाही, त्याला बघायला शिकायचं राहून गेलं.

म्हणूनच ती मणी ओवते, लांबून टीव्ही बघते, कुठे धडपडत नाही. हे सगळं उजवा डोळा करून राहिला, आणि उत्तम करून राहिला. सासूबाईंनी बघितलं ते खरंच आहे, पोरगी दोन्ही डोळे उघडे ठेवून बघते तेव्हा तिला खरंच काही अडत नाही. ज्या मुलांचे दोन्ही डोळे कमजोर असतात ती टीव्हीला चिकटतात, डोळे बारीक करतात, घरात कळतं. एकच डोळा कमजोर असला की कोणालाच कळत नाही, मुलाला स्वतःला पण नाही. घरी एकदा करून बघा, तिच्या आवडीचं कार्टून लावा, मागून गमतीगमतीत तिचा डावा डोळा झाका, ती बहुतेक बघत राहील. मग उजवा झाका. मान वळवते का, हात ओढते का, कुरकुरते का ते सासूबाईंनाच बघू द्या. ही तपासणी नाही, यावरून काही ठरवायचं नाही, नंबर तर निघालेलाच आहे, पण घरातल्या मोठ्या माणसाने एकदा स्वतःच्या डोळ्याने हे बघितलं की नंतरची अर्धी भांडणं होत नाहीत.

आणि चष्म्याचे काच लावूनही ६/१८ च आलं म्हणून नंबर चुकला असं समजू नका, त्या कागदावरचा हाच आकडा मी सगळ्यात आधी वाचला असता. चष्मा लावला की चित्र पडद्यावर नीट पडतं, पण मेंदूला ते वाचायची सवय व्हायला वेळ लागतो, पहिल्या दिवशी ६/६ येणारच नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात. पुढच्या खेपेला एक विचारा, की डाव्याने ६/१८ वाचलं ते ओळीत वाचलं की एकेक चित्र सुटं दाखवून. आळशी डोळा सुटं चित्र बरं ओळखतो आणि ओळीत आजूबाजूला गर्दी असली की अडखळतो, त्यामुळे दर वेळी एकाच पद्धतीने तपासलं तरच सुधारणा झाली की नाही ते खरं कळतं.

यात चांगली बातमी ही की पोरगी साडेचारची आहे. सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू हे पटकन शिकतो, त्यानंतरही काही मुलांत फायदा होतो पण मेहनत जास्त आणि फळ कमी. म्हणून मार्चचं मे झालं ते झालं, आता चष्म्याशिवाय एक आठवडा पण नको. पुष्कळ मुलांची नजर नुसत्या चष्म्यानेच वाढत जाते, चार महिन्यांपर्यंत वाढत राहते, त्यामुळेच डॉक्टरांनी लगेच पट्टी न देता जुलै सांगितलाय. पण त्यासाठी चष्मा दिवसभर हवा, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, अभ्यासापुरता आणि टीव्हीपुरता नाही.

मलमाने चेहरा लाल झाला, अंग तापलं, याने तुम्ही घाबरल्या त्यात नवल नाही. अॅट्रोपिनने असं होतं, तोंड कोरडं पडतं, घाम कमी येतो, अंग गरम लागतं, आणि आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात घाम न येणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. मलम तांदळाच्या दाण्याएवढंच घालायचं, घातल्यावर नाकाच्या बाजूचा डोळ्याचा कोपरा बोटाने दोनेक मिनिटं दाबून धरायचा म्हणजे ते नाकातून अंगात कमी उतरतं, बाहेर आलेलं पुसून घ्यायचं आणि आपले हात धुवायचे. ताप आला, चेहरा लाल झाला तर पुढचा डोस न घालता डॉक्टरांना फोन करायचा. मूल बडबडायला लागलं, फार चिडचिडं किंवा गुंगल्यासारखं झालं, छाती खूप धडधडायला लागली तर सरळ दवाखान्यात न्यायचं. उरलेली ट्यूब घरात असेल तर आजच टाकून द्या, दोन वर्षांचं पोर घरात आहे, ते तोंडात गेलं तर विष आहे. बाहुल्या मोठ्या राहणं, उजेड सहन न होणं, जवळचं धूसर दिसणं हे आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडे चालतं आणि आपोआप जातं, त्याने डोळ्याला काही होत नाही.

गाजर-पालक जरूर द्या, लेकरू खात असेल तर चांगलंच आहे, अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो हे खरंच आहे. पण डोळा आखूड आहे तो गाजराने लांब होत नाही. मध, गुलाबजल, एरंडेल असलं काही डोळ्यात घालू नका, कोणी कितीही अनुभवाचं सांगितलं तरी. चष्मा लावला की नंबर वाढतो हे पण खरं नाही. उलट मूल मोठं होताना डोळा लांबीला वाढतो तसा प्लस नंबर पुष्कळदा कमी होतो, त्यामुळे सासूबाई म्हणतात तसं नंबर पुढे उतरेलही. पण तोपर्यंत वाट बघितली तर नंबर उतरलेला असेल आणि नजर मात्र आलेली नसेल, आणि मग विशीत कोणताही चष्मा, कोणतंही ऑपरेशन त्या डोळ्याला ती नजर देऊ शकत नाही. मुलीच्या जातीला चष्मा नको म्हणणाऱ्या मोठ्या माणसांना मी हेच सांगत असते की पुढे चष्मा कसा सुटेल हे बघता येतं, आज न मिळालेली नजर नंतर कुठेच मिळत नाही.

चष्मा बनवताना काच पॉलीकार्बोनेटचीच घ्या, पोर पडलं-आपटलं तरी डोळ्यात तुकडे जात नाहीत. फ्रेम मोठ्यांची छोटी करून नको, मुलांची असते ती, नाकावर नीट बसणारी, मागून इलास्टिकचा पट्टा लागणारी, कारण फ्रेम घसरली की ती चष्म्याच्या वरून बघेल आणि मग सगळंच फुकट. रंग तिला निवडू द्या. प्लसच्या काचेतून डोळा मोठा दिसतो, त्यामुळे तिचा डावा डोळा उजव्यापेक्षा थोडा मोठा दिसेल, पाहुणे बोलतील, तुम्ही आधीच तयारीत राहा म्हणजे तिच्यासमोर कोणी काही बोललं तर तुम्हीच हसून सांगाल. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोपर्यंत घरातल्या घरात सवय होऊन जाईल, ही वेळ फार चांगली सापडली आहे. पहिले काही दिवस ती काढेल, तुम्ही परत लावा, रागावू नका.

जुलैमध्ये पट्टी सांगितली तर ती उजव्या डोळ्यावर, चांगल्या डोळ्यावर लागते, म्हणजे डाव्याला बघावंच लागतं, हे घरात सगळ्यांना पाठ करवून ठेवा. आजारी डोळा झाकायचा असतो असं वाटून डाव्यालाच पट्टी लावणारी घरं असतात. तिच्याएवढी नजर कमी असेल तर सहसा दिवसाला दोन तास पुरतात, किती ते डॉक्टरच ठरवतील, आपल्या मनाने वाढवू नका, जास्त झाकून ठेवलं तर चांगल्या डोळ्याची नजर पण उतरू शकते, तपासणीच्या तारखा त्यासाठीच असतात. पट्टी चष्म्याच्या काचेवर न लावता कातडीवर, वरून चष्मा, नाहीतर त्या मुलासारखी तीही फटीतून बघेल. घामाने पट्टी सुटते आणि कातडी लाल होते, त्यामुळे कूलरसमोर बसवून त्या दोन तासांत मणी ओवायला द्या, चित्रं रंगवायला द्या, तांदळातले खडे वेचायला आजीजवळ बसवा. हे काम आजीला दिलं ना, की ती नातीला पट्टी काढू देणार नाही.

दुसरं मत घ्यावंसं वाटत असेल तर जरूर घ्या, पण चष्मा लावून ठेवा आणि मग घ्या. मेडिकल आणि मेयो या आपल्या सरकारी दवाखान्यांच्या नेत्र विभागात, मिहानच्या एम्समध्ये लहान मुलांचं हे सगळं होतं आणि खर्च फार कमी येतो. तुमच्या पोरीची शाळा खासगी असेल पण शेजारपाजारची लेकरं अंगणवाडीत, मनपाच्या शाळेत जात असतील तर त्यांच्या आयांना सांगा की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांना तपासायला येतं, २०१३ पासून हे चालू आहे, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

राहिला धाकटा. बहिणीला एवढा प्लस आहे म्हणजे त्याला पण असू शकतो, असेलच असं नाही, पण बघून घ्यायला हवं. दोन वर्षांचं मूल अक्षरं वाचत नाही मग तपासणार काय असं कोणी म्हणालं तर मघाची फुली आठवा, औषध टाकून रेटिनोस्कोपने नंबर काढायला मुलाला एक शब्दही बोलावा लागत नाही. त्याचा डोळा कधी तिरळा दिसला, किंवा मोबाईलच्या फ्लॅशमध्ये काढलेल्या फोटोत एका डोळ्यात लाल ऐवजी पांढरी चमक दिसली तर जुलैची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा, त्यामागे मोतीबिंदू किंवा डोळ्यातला कॅन्सरही असू शकतो. तसं काही नसेल तर जुलैच्या अपॉइंटमेंटला दोघांनाही सोबत न्या. शाळेचं कार्ड, दुकानाची स्लिप, डॉक्टरांचा कागद सगळं एका फायलीत ठेवा, आणि मोठीला मलमाने ताप आला होता हे धाकट्याच्या डोळ्यात काहीही घालायच्या आधी डॉक्टरांना सांगा, म्हणजे त्याला कोणतं औषध द्यायचं आणि किती, ते तसं ठरवतील.